कुणाचा आक्षेप नाही ना?

सोनारीच्या महारुद्रआप्पांच्या घरात मोठ्या माणसाला तोंडावर 'नाही' कुणी म्हणत नसे. म्हणजे घर काही नंदीबैलांचं नव्हतं. पटलं नाही तर पटलं नाहीच, पण ते सांगायची रीत निराळी होती. आप्पांनी विचारायचं, "काय म्हणता मंग?" ज्याला पटलं असेल तो लगेच "व्हय की" म्हणायचा, त्यात कुणाच्या बापाचं काय जातंय? ज्याला पटलं नसेल त्यानं जमिनीकडं बघत गप्प बसायचं. असं दोघंतिघं गप्प बसले की आप्पा काय समजायचं ते समजायचे, खाकरायचे, "बघू, परत बसू" म्हणायचे आणि विषय तिथंच मिटायचा. ना कुणाचा अपमान, ना तकरार. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन चार बिऱ्हाडांनी एकत्र हिंडायचं म्हटल्यावर माणसं अशी सांभाळूनच घ्यावी लागतात.

ही रीत ज्ञानेश्वरीच्या हाडामासात मुरली होती, आणि या रीतीनंच तिला ऐन वेळी तोंडघशी पाडलं. तेही घरातल्या चार माणसांपुढं नाही, निम्म्या जगापुढं.

ज्ञानेश्वरी ही आप्पांच्या धाकट्या भावाची मुलगी. बाप ती लहान असतानाच गेला. ती आणि तिची आई गजराबाई आप्पांच्या घरातच राहिल्या, आणि आप्पांनी पोरीला परंड्याला, मग पुण्याला शिकवलं. आता ती दिल्लीत मोठी अधिकारी होती. नेमकं काय करते ते गावात कुणालाच धड माहीत नव्हतं. "हवामानाचं काय तरी बघती," एवढंच लोकांना ठाऊक, त्यामुळं गावात आली की पारावरची माणसं तिला पाऊस कधी उघडंल ते विचारत. ती बिचारी समजावून दमली. तिचं काम पावसाचं नव्हतं, भांडायचं होतं. पृथ्वी तापतेय, त्याचा मार कुणाला बसतोय आणि ते नुकसान कुणी भरून द्यायचं, यावर जगातले यच्चयावत देश दरवर्षी एका ठिकाणी जमतात आणि एकेका शब्दावरून दोन दोन आठवडे डोकेफोड करतात. भारताकडून तिथं जी माणसं जातात त्यांतली ती एक.

तिथंही सुरुवातीला बायकांनी टिपणं काढायची आणि बाप्यांनी बोलायचं असाच शिरस्ता होता. ज्ञानेश्वरीला पहिली दोन वर्षं टिपणं काढायलाच बसवलं. तिनं ती इतकी चोख काढली, की गेल्या खेपेला कोण काय बोललं होतं हे दरवेळी तिलाच विचारावं लागायला लागलं, आणि विचारायचं तर माईक तिच्याकडं द्यावा लागायचा. एकदा हाती आलेला माईक तिनं पुन्हा कुणाला फुकट दिला नाही. श्रीमंत देशांचे भले भले वाटाघाटी करणारे लोक तिच्यासमोर बसायचं म्हटलं की आदल्या रात्री कागद पुन्हा वाचून यायचे.

तरी तिला पहिली खुर्ची मिळाली ती इद्रिस साहेबांमुळं, हे ती विसरली नव्हती. इद्रिस साहेब म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या देशाचे जुने जाणते राजदूत. टिपणं काढायच्या त्या दोन वर्षांतच एकदा तिचे वरिष्ठ जेवायला म्हणून गेले ते गेलेच, आणि इकडं मुद्दा निघाला. ती मागच्या रांगेत फायली धरून उभी. तेव्हा इद्रिस साहेब आपल्या खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "या मुलीनं कागद वाचलेला दिसतोय, तिला बोलू द्या." तेव्हापासून ती त्यांना मनातून आप्पांच्या जागी मानायची. ते तिला 'लेक' म्हणायचे आणि भेटले की आधी मेंढरांची खुशाली विचारायचे. गेली काही वर्षं ते विकसनशील देशांच्या गटाचे अध्यक्ष होते. परिषदेच्या आधी हा गट आपापसांत बसून एक मसुदा पक्का करतो, आणि मग सगळे मिळून त्या मसुद्यावर श्रीमंत देशांशी भांडतात.

यंदाच्या मसुद्यात एक वाक्य होतं. हवामानामुळं होणारं कोणकोणतं नुकसान भरून द्यायचं, याचं ते वाक्य. वादळ, पूर, दरड आणि दुष्काळ. शेवटचा शब्द ज्ञानेश्वरीनं तीन वर्षं खपून आत घातला होता. कितीदा तो गळाला आणि कितीदा तिनं परत आणला. आता परिषदेला दोन आठवडे राहिले होते आणि शब्द अजून जागेवर होता.

परिषद तोंडावर असताना दिवाळीला गावी यायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण आप्पांनी काळभैरवनाथाला अभिषेक बोलला होता, म्हणून आली. सप्टेंबरात पुरानं रात्रीतून वेढा दिला होता. आप्पांचा थोरला मुलगा रामहरी गळ्याइतक्या पाण्यातनं कळप काढताना कसाबसा वाचला, आणि म्हणून हा अभिषेक. तो ज्ञानूच्याच हातनं व्हायचा, असं आप्पांनी ठरवून टाकलेलं. अभिषेकाला आता दोनच दिवस राहिले होते.

सकाळी चहा पिताना आप्पांनी विचारलं, "औंदा कशावरनं भांडायचंय?"

"दुष्काळावरनं, आप्पा."

आप्पांना हसू आवरेना. "आगं, निम्मं रान वाहून गेलंय आन तू दुष्काळाचं घिऊन बसलीस? कुणी ऐकलं तर काय म्हनंल?"

"पूर आला तर लोक आले न्हवं बघायला?"

"आले की. फोटू काढले, पंचनामे केले, पुढारी बी चिखलातनं हिंडून गेले."

"आन दुष्काळाच्या सालांत कोण आलं होतं?"

आप्पांनी बशीतला उरलेला चहा संपवला आणि मेंढरांकडं निघून गेले.

दुपारी बैठकीच्या खोलीत श्रीमंत आला. श्रीमंत हा आप्पांचा लहानपणापासूनचा दोस्त, ओढ्याकाठचा बागायतदार. त्याच्या रानातली माती पुरानं खरवडून नेली होती, खाली नुसता मुरूम उरला होता. अशा रानात मेंढरं रात्रभर बसवली की लेंड्यांचं खत पडतं, आणि मेल्या रानाला त्याहून चांगलं औषध नाही. त्याला आप्पांचा कळप हवा होता, तोही आधी. पण आधीची पाळी हरणाबाईला कबूल केलेली. हरणाबाई एकटी बाई, रान थोडं, आणि तेही धुपलेलं.

दोस्तासाठी आप्पांचा जीव तुटत होता. "हरणाबाईचं मागनं बी व्हईल," ते म्हणाले. "श्रीमंताचं आधी करू. काय म्हणता मंग?"

रामहरी पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला. गजराबाई आतल्या दाराच्या चौकटीशी बसल्या होत्या, त्यांनी फरशीवरनं नजर काढली नाही. ज्ञानेश्वरीही गप्प. तिला दिल्लीहून येऊन चार दिवस झाले होते, आणि चार दिवसांत ती पुरती या घरची झाली होती. दोन वाजता गटाची ऑनलाइन बैठक होती, घड्याळ पुढं सरकत होतं, पण आप्पांच्या समोरून मध्येच उठून जायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

आप्पा खाकरले. "बघू," ते म्हणाले. मग श्रीमंताच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हरणाबाईचं होऊ दे गड्या. तुझं त्येच्या पाठोपाठ." श्रीमंतालाही कळलं. तो रागावला नाही, चहा पिऊन गेला.

किती छान निभावलं, असं म्हणत ज्ञानेश्वरी मागच्या खोलीत गेली आणि लॅपटॉप उघडला. मागच्या खोलीला लागूनच कोकरांचं खोपट होतं. मेंढ्या चरायला गेल्या की कोकरं दिवसभर आयांच्या नावानं ओरडत, म्हणून तिनं आल्या आल्या माईक बंद केला.

पडद्यावर चेहरे येत गेले. कुठं सकाळ, कुठं संध्याकाळ. पॅसिफिक समुद्रातल्या बेटांकडून लितिया होती. लितिया म्हणजे तिखट बाई. तिच्या बेटांवर दोन वर्षांत तीन वादळं झाली होती, आणि गोड बोलायला तिला वेळ नव्हता. ज्ञानेश्वरीचं आणि तिचं कधी जमायचं, कधी जुंपायची, पण एकमेकींना दोघी पुरत्या ओळखून होत्या.

इद्रिस साहेब थकलेले दिसत होते. त्यांनी सरळ विषयाला हात घातला. श्रीमंत देशांचं म्हणणं पडलं होतं, की दुष्काळ सावकाश येतो, त्याची सुरुवात सांगता येत नाही, शेवट सांगता येत नाही, मोजायचा कसा? तेवढा शब्द काढा, बाकीच्या वाक्यावर आम्ही पहिल्याच दिवशी सही करतो.

"माझ्या देशालाही दुष्काळ ठाऊक आहे," इद्रिस साहेब म्हणाले. "पण वर्षानुवर्षं मी रिकाम्या हातानं घरी गेलोय. यंदा काहीतरी घेऊन जाऊ. हा शब्द काढावा असं मी सुचवतो. आमच्या भारतातल्या लेकीनं यावर फार कष्ट घेतलेत. तिला जड जाईल, पण ती समजून घेईल." मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "कुणाचा आक्षेप नाही ना?"

तीन वर्षांची मेहनत आणि असं एका दमात? ज्ञानेश्वरीला ते मुळीच पटलं नव्हतं. आणि ती काय करून बसली म्हणाल? तिनं नजर खाली घातली, फरशीकडं बघितलं आणि गप्प बसली.

आता ते खाकरतील. आता म्हणतील, बघू, परत बसू. ती खरंच त्याची वाट बघत होती हो.

"आक्षेप दिसत नाही," इद्रिस साहेब म्हणाले आणि टेबलावर छोटी हातोडी वाजली. "तसं ठरलं. पुढचा विषय."

तो आवाज कानात शिरला आणि ती भानावर आली. अगं बाई, काय केलंस हे? दोनशे माणसांच्या सभेत श्रीमंत देशांना ठणकावून नाही म्हणणारी तू, आणि आपल्याच माणसापुढं मूग गिळून बसलीस? दिल्लीत, कचेरीत असती तर हात आपोआप वर गेला असता. पण ती सोनारीत होती, नुकतीच आप्पांसमोरून उठून आली होती. घर अंगात शिरलं होतं, दुसरं काय. त्या बैठकांत गप्प बसणं म्हणजे होकार, हे तिनं स्वतः कितीतरी नव्या पोरींना शिकवलं होतं. तिला स्वतःचाच राग आला.

मोठ्या माणसाला नाही म्हणणं वाईट, पण ठरल्यावर ठरलेलं मोडायला निघणं त्याहून दहापट वाईट. ते तिला कळत होतं. तरी तिनं हात वर केला आणि माईक उघडला. माईक उघडल्याबरोबर कोकरांचा कालवा जगभर ऐकू गेला. दोन-चार चेहरे हसले.

"अध्यक्ष महाशय," ती म्हणाली, "मागचा विषय पुन्हा उघडावा अशी माझी विनंती आहे."

"तो ठरला, लेकी."

"मी गप्प होते. माझं गप्प बसणं म्हणजे होकार नव्हता. माझा विरोध आहे, आणि तो मी तेव्हाच बोलायला हवा होता. चूक माझी आहे."

खोलीत रेंज कमी, म्हणून ती ओरडूनच बोलत होती. बैठकीच्या खोलीत आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, पण आवाजाची पट्टी कळत होती. पोरगी कुणातरी मोठ्या माणसाशी बोलतेय आणि ऐकून घेत नाहीये, एवढं त्यांना भिंतीआडून उमगलं.

इद्रिस साहेबांनी चष्मा काढून पुसला. "नियम तुला माहीत आहे," ते म्हणाले. "ठरलेला विषय उघडायचा तर सगळ्यांची संमती लागते. एकानंही हात वर केला तर उघडता येत नाही."

"मी हात वर करणार आहे," लितिया म्हणाली. आडपडदा तिला माहीतच नव्हता. "ज्ञानेश्वरी, तुझ्याबद्दल मला आदर आहे. पण ही यादी लांबली की ते लोक पळ काढतात. मागं तेच झालं. माझ्या बेटांना आणखी एक वर्ष थांबता येणार नाही."

खरं सांगायचं तर लितियाचं काही चुकत नव्हतं. तिचीही माणसं बुडत होती. ज्ञानेश्वरीला हे ठाऊक होतं म्हणून ती तिच्यावर तुटून पडली नाही. आवाज तेवढा तिनं खाली आणला.

"लितिया, यंदा माझ्या गावात पूर आला," ती म्हणाली. "माझा भाऊ मरता मरता वाचला. पाणी कोणत्या रात्री घरात आलं ते माझे चुलते आत्ता येऊन तुला सांगतील, म्हणून त्या नुकसानीला सगळे नुकसान म्हणाले. पण त्याच चुलत्यांना विचार, दुष्काळ कोणत्या दिवशी आला. त्यांना सांगता येणार नाही. एका वर्षी गवत कमी झालं. पुढच्या वर्षी विहीर तळाला गेली. मग निम्मी मेंढरं विकली. मग माझ्याबरोबरच्या दोन पोरींची शाळा सुटली आणि ऊसतोडीला गेल्या. त्यांचं नुकसान झालं की नाही? झालं. पण कोणत्या दिवशी, ते सांगता येत नाही. आज हा शब्द काढला तर ज्याला तारीख सांगता येत नाही त्याचं काही गेलंच नाही, असं आपणच लिहून देतोय. श्रीमंत देशांनी नाही, आपण."

कोकरं तेवढी ओरडत होती.

"तुझं दुःख मला कळतं," लितिया म्हणाली. "माझ्या माणसांना आज काय सांगू, ते सांग."

आणि इथं ज्ञानेश्वरी पुन्हा स्वतःच्या पायावर उभी राहिली. हे तिचं रोजचं काम होतं. दुसऱ्याची अडचण काय आहे ते ऐकायचं आणि त्या अडचणीवर बसेल असं वाक्य तिथल्या तिथं घडवायचं.

"दोन वाटा करू," ती म्हणाली. "वादळ, पूर, दरड यांची मदत ताबडतोब, त्यांची वाट वेगळी. दुष्काळासारख्या सावकाश येणाऱ्या संकटांची वाट वेगळी, त्यांचं मोजमाप वेगळं. एका वाटेवरच्या मदतीला दुसरीसाठी एक दिवसही थांबावं लागणार नाही, असं मी मसुद्यात घालते. त्यांना सावकाश येणारं मोजता येत नाही म्हणतात ना? मग मोजायला बसू, वेळ घेऊ. पण चारही शब्द एकाच वाक्यात राहतील."

"थांबावं लागणार नाही, हे त्याच परिच्छेदात," लितिया म्हणाली. "तळटीपेत घातलंस तर बघ."

"त्याच परिच्छेदात. पहिल्या ओळीत. तू सांग, मी लिहिते."

मग त्या दोघींनी ते वाक्य सगळ्यांसमोर घडवलं. लितियानं एक शब्द खोडला, ज्ञानेश्वरीनं दोन हलवले. केनियाच्या एका बाईंनी मध्ये पडून एक क्रियापद दुरुस्त केलं, ते फार बरं झालं. बाप्ये नुसते बघत राहिले. इद्रिस साहेब हनुवटीवर हात ठेवून ऐकत होते.

"ठीक," शेवटी ते म्हणाले. "मागचा विषय उघडून हे नवं वाक्य घ्यावं, अशी सूचना आहे. कुणाचा आक्षेप नाही ना?"

आता तिला इतरांचं गप्प बसणं हवं होतं. ती पडद्यावर चौकटीमागून चौकट बघत गेली. एखादा वर गेलेला हात, एखादा उघडलेला माईक दिसतोय का? लितियाच्या चौकटीशी तिची नजर थांबली. लितिया सरळ कॅमेऱ्यात बघत होती. तिचा माईक बंद होता आणि तिनं तो बंदच ठेवला.

"आक्षेप दिसत नाही," इद्रिस साहेब म्हणाले. "तसं ठरलं."

बैठक संपल्यावर पाच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"मी श्रीमंत देशांना शब्द दिला होता," ते म्हणाले. "'दुष्काळ' निघेल असं सांगून बसलोय. आता मीच कुठल्या तोंडानं त्यांच्यासमोर जाऊ? या परिच्छेदापुरती गटाची प्रमुख तू. मी तसं कळवतो सगळ्यांना. त्यांचे लोक आधीच्या बोलण्यांसाठी सोमवारपासूनच परिषदेच्या शहरात पोचताहेत. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत तू समोर बसून सांग. परवा सकाळपर्यंत पोच."

"पोचते," ती म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "साहेब, तुम्हाला वाईट वाटलं असेल. आमच्याकडं मोठ्यांना तोंडावर नाही म्हणत नाहीत. पटलं नाही की गप्प बसतात. मी सवयीनं तशीच बसले."

पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"आमच्याकडंही तसंच आहे, लेकी," इद्रिस साहेब म्हणाले. "तू नजर खाली घातलीस तेव्हाच मला कळलं होतं तुला पटलं नाही. म्हणून तर मी हातोडी घाईनं मारली."

तिनं फोन ठेवला. राग आला, हसूही आलं, आणि म्हातारबाबांनी खरं सांगितलं याचं बरंही वाटलं. पण सगळ्यांत जास्त काय झालं असेल, तर आपल्या लाडक्या रीतीवरचा तिचा भरवसा साफ उडाला. ती उठली आणि बैठकीच्या खोलीत आली.

दिवस कलला होता. दुपारनंतर रानात गेलेला रामहरी मेंढरं आणून बाहेर हात-पाय धूत होता, तोही आत आला. आप्पांनी विचारलं, "कुणाशी भांडत हुतीस एवढं?"

तिनं सगळं सांगितलं. शब्द कसा गेला, ती कशी गप्प बसली, हातोडी कशी वाजली, परत कसा आणला. इद्रिस साहेब फोनवर काय म्हणाले तेही सांगितलं. आप्पा कान देऊन ऐकत होते. गजराबाई चौकटीशी येऊन बसल्या होत्या.

"हुशार हाय म्हातारा," आप्पा म्हणाले. मग सुपारीचं खांड तोंडात टाकून अगदी सहज म्हणाले, "म्या बी तेच करतो की."

"काय करता?"

"तुमी गप बसला की मला कळतं. पर सोयीचं आसंल तवाच कळतं. सोयीचं नसंल तवा म्या बी म्हनतो, चला, सगळ्यांना पटलं."

हसावं की नाही ते कुणालाच समजेना. रामहरीनं तर तोंड फिरवलं. घरात किती गोष्टी अशा 'सगळ्यांना पटून' झाल्या असतील, याचा हिशोब ज्याच्या त्याच्या मनात सुरू झाला असावा. गजराबाईंच्या तर नक्कीच झाला, कारण त्यांनी पदर नीट केला आणि पुन्हा नीट केला.

"ते ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले. "परवा अभिषेक हाय. तुझ्या हातनं करायचा म्हनून बोललोय देवाला. तवर तर थांबायलाच पायजे. मंग जा खुशाल." त्यांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं. "काय म्हणता मंग?"

रामहरीनं पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. गजराबाईंनी फरशीकडं बघितलं. ज्ञानेश्वरीचीही मान सवयीनं खाली गेली. ती तिनं वर उचलली.

"न्हाय, आप्पा," ती म्हणाली. "मी उद्या पहाटंच निघते. परवा मला तिथं पोचायचंय. माझ्याबिगर ते होणार नाही, आणि अभिषेक माझ्याबिगर होईल."

आप्पांना ऐकवलेला हा असला पहिलाच शब्द. ते खाकरले, पण "बघू" म्हणाले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर राग आहे की आणखी काही, हे तिला नीट ओळखता येईना.

"हां," ते म्हणाले. "आसं तोंडानं सांगितलं की बरं आसतं. मला मतलब काढत बसाय नको." आणि कधी नव्हे ते त्यांनी चौकटीकडं तोंड केलं. "आन तुमचं काय, गजराबाई?"

गजराबाई या घरात सून म्हणून आल्यापासून थोरल्या दिरांशी समोरासमोर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. काही सांगायचं झालं तर ते रामहरीमार्फत, नाहीतर जावेमार्फत. नवरा गेला तेव्हाही नाही, लेक पुण्याला शिकायला निघाली तेव्हाही नाही. सगळे त्यांच्या गप्प बसण्याची वाट बघत होते.

"जाऊ द्या तिला," गजराबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण मान खाली नव्हती. "आन म्या बी कुर्डूवाडीपतुर जानार हाय, तिला गाडीत बसवून द्यायला. पुण्याला गेली तवा बी मला जायचं हुतं. कुणी इचारलंच न्हाय."

आप्पा रामहरीकडं वळले.

"ऐकलंस न्हवं?" ते म्हणाले. "पहाटं दोघींसाठी जीप सांगून ठेव."